मागच्या चाकाला मोटारीचा टायर: इच्छुकांसाठी मार्गदर्शन

तापीच्या खोऱ्यात दुचाकी चालवणाऱ्या माणसाचे एक जुने दुःख आहे. आपला मुलूख सपाट, रस्ते सरळ, आणि जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला जाताना गाडी खरोखर झुकवून वळवावी लागेल अशी वळणे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी. त्यामुळे मागचा टायर दोन्ही कडांना नव्यासारखा राहतो आणि मधोमध मात्र गोटा होतो. त्यातून मागे युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्या, किंवा दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, किंवा कानबाईच्या रोटांना निघालेले सहकुटुंब चार जीव असतील, तर पुढच्या पेरणीच्या आत टायरच्या दुकानाची पायरी चढणे आलेच. पैसे मोजताना विचारी माणसाला प्रश्न पडतो की, ज्या दोन कडांना आपण रस्त्याचे दर्शनही घडवले नाही त्यांच्या रबराचे पैसे आपण का द्यावेत. हा प्रश्न ज्याला पडला, तो आपल्या दुचाकीला मोटारीचा टायर बसवण्यास मनाने सिद्ध झाला आहे असे समजावे. पुढील मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे.

कोणी हसले तर परदेशाचा दाखला द्यावा, कारण परदेशाचा दाखला दिला की आपल्याकडे हसणारा माणूस गप्प होतो. होंडा गोल्डविंगसारख्या अवजड, लांब पल्ल्याच्या गाड्या चालवणारे काही हौशी लोक मागच्या चाकाला मोटारीचा टायर लावतात, आणि या प्रकाराला स्वतःच ‘अंधाऱ्या बाजूला जाणे’ असे म्हणतात. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी देणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला अंधाऱ्या बाजूचे कौतुक सांगायला नको. त्या लोकांचा दावा असा की हा टायर दुचाकीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट चालतो. हा दावा खोटा नाही, हे मान्य केले पाहिजे. मोटारीच्या टायरचे रबर कडक असते, नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते आणि त्याची पाठ सपाट असल्यामुळे सरळ रस्त्यावर झीज सगळ्या रुंदीवर वाटली जाते. टायर किती किलोमीटर चालला एवढेच ज्याला मोजायचे आहे, त्याने येथेच वाचन थांबवून दुकान गाठावे.

टायर निवडताना १५ इंची रिमच्या क्रूझर दुचाकीचा मालक भाग्यवान ठरतो. समजा, तिचा मूळचा टायर १३०/९०-१५ या मापाचा आहे. हिशेब केला तर त्याची उंची ६१५ मिलिमीटर येते. मोटारींना सर्रास लागणाऱ्या १८५/६५ आर १५ या टायरची उंची ६२१ मिलिमीटर येते. फरक अवघा सहा मिलिमीटरचा, आणि पत्रिका इतकी जुळल्यावर लग्न मोडण्याचे पाप कोण घेईल? रुंदी ५५ मिलिमीटरने जास्त आहे खरी, पण ती बाब वधूपक्षाला शेवटी कळवावी. टायर चिमट्याला (मागचे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांना) किंवा चेनला घासू लागला तर मेकॅनिक ग्राइंडर घेऊन तयार असतोच. तो टायर घासत नाही, चिमटा घासतो, कारण टायर महाग आहे.

दुसरी एक क्षुल्लक अडचण रिमची. १८५ रुंदीच्या टायरला ५ ते ६.५ इंच रुंद रिम लागते आणि दुचाकीची रिम त्याहून बरीच अरुंद असते. त्यामुळे धान्याच्या पोत्याचे तोंड आवळावे तसा टायर खालून आवळला जातो आणि त्याची पाठ मध्ये फुगून वर येते. म्हणजे ज्या सपाटपणासाठी आपण हा उद्योग आरंभला, तो सपाटपणा पहिल्याच दिवशी थोडा कमी होतो. तरीही खचून जाऊ नये. वळणावर गाडी झुकेल तेव्हा टायर पुरेसा सपाट असल्याची खात्री आपल्याला पटेलच.

नवा टायर घेण्याची गरज नाही. दुकानाबाहेर टांगलेल्या, कोणाच्या तरी मोटारीवरून उतरवलेल्या टायरांच्या रांगेतून एक निवडावा. टायरच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ‘२३१७’ असे लिहिले असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. ते आकडे वाचत बसू नये, वडीलधाऱ्यांना वय विचारणे आपल्याकडे शिष्टाचारात बसत नाही.

आता टायर रिमवर चढवण्याचा सोहळा. टायरच्या आतल्या काठाला बीड म्हणतात (जिल्ह्याशी संबंध नाही), आणि हवा भरल्यावर हा काठ रिमच्या खाचेत घट्ट बसतो, तेव्हा ‘टण्ण’ असा आवाज येतो. मोटारीच्या टायरचा बीड मोटारीच्या रिमसाठी घडवलेला असतो आणि दुचाकीच्या रिमचा आकार वेगळा असतो, म्हणून तो सहजासहजी बसत नाही. अनेक टायरांच्या भिंतीवरच लिहिलेले असते की बीड बसवताना ४० पौंडांपेक्षा अधिक हवा भरू नये. हे इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत लिहिलेले असल्यामुळे आपल्यावर बंधनकारक नाही, असे मानण्याची प्रथा आहे. साबणाचे पाणी लावावे, पन्नास भरावी, साठ भरावी, कॉम्प्रेसरचा काटा पुढे सरकत असताना देवाचे नाव घ्यावे. मी पाहिलेल्या एका प्रसंगी टायरवाल्या दादाने नळी जोडली, कॉक उघडला आणि बीड बसेपर्यंत बिडी ओढण्यासाठी तो रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. गाडीचा मालक मात्र चाकाशेजारी उकिडवा बसून कान देऊन ऐकत होता. अनुभवी माणूस कोठे उभा राहतो याकडे लक्ष द्यावे, एवढाच बारकावा मी येथे नोंदवतो.

खरी विद्वत्ता पुढे, हवा किती ठेवावी या प्रश्नात आहे. मोटारीच्या दाराच्या चौकटीवरचे स्टिकर बहुधा ३० ते ३३ पौंड सांगते. दुचाकीच्या मागच्या टायरचा आकडाही त्याच्याच आसपास असतो. आकडे जुळले की आपले समाधान होते. परंतु हवेचा आकडा वजनाशिवाय एकटा काहीच सांगत नाही. ढोबळ हिशेब असा की, चाकावर पडणारे वजन भागिले हवेचा दाब केला की जमिनीला टेकलेल्या रबराचे क्षेत्रफळ मिळते. माणसांसह १,३०० किलोच्या मोटारीत एका चाकावर सुमारे ३२५ किलो येतात, आणि चौरस इंचाला ३३ पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो धरले तर १४० चौरस सेंटिमीटर रबर रस्त्याला टेकते. आपली दुचाकी चालकासह २३० किलोची, मागच्या चाकावर फार तर १४० किलो, म्हणजे तेवढ्याच हवेत ६० चौरस सेंटिमीटर. पुन्हा हा ठसा दुचाकीच्या टायरसारखा अरुंद आणि लांबट नसतो. तो आडवा आणि आखूड असतो, दारातल्या पायपुसण्यासारखा. १८५ मापाच्या टायरचा भारांक बहुधा ८८, म्हणजे ५६० किलोंची क्षमता. त्याच्या पाठीवर आपण १४० किलो ठेवले, तर आपण बसलो आहोत हेच त्याला कळत नाही. तो दगडासारखा टणक राहतो, आणि मणक्याला रस्त्यातील प्रत्येक खडीची स्वतंत्र ओळख करून देतो.

म्हणून जाणकार हवा कमी करतात. २० पौंडांवर आणली की तोच ठसा १०० चौरस सेंटिमीटरचा होतो, टायरच्या भिंती लवतात, बसायला मऊ लागते आणि माणूस प्रसन्न होतो. फक्त भिंती फार लवल्या की टायर तापतो, कडा मधल्या भागापेक्षा लवकर झिजू लागतात, आणि मुळात नाखुशीने बसलेला बीड वळणावरच्या ताणाने खाचेतून निसटण्याची शक्यता वाढते. हवा वाढवली तर हँडल हलके होते, पण मधला पट्टा झिजतो आणि ज्या टकलापासून आपण पळालो तेच पुन्हा समोर उभे राहते. या दोन टोकांमध्ये योग्य आकडा नक्की कुठेतरी आहे, आणि तो शोधण्यासाठी उरलेले आयुष्य आपल्या हाती आहे. दुचाकीच्या कंपनीने तो दिलेला नाही, कारण हा टायर तिच्या लेखी अस्तित्वातच नाही. टायरच्या कंपनीने दिलेला नाही, कारण तिच्या लेखी आपली दुचाकी नाही. उरले चौकातले तज्ज्ञ. एक १८ म्हणेल, दुसरा २६, तिसरा ४०, आणि तिघांच्याही आवाजात अमळनेरच्या मंदिरातल्या घंटेइतकी खणखणीत खात्री असेल.

शास्त्रीय वृत्तीच्या वाचकांनी खडूची परीक्षा करावी. टायरच्या पाठीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खडूने जाड रेघ ओढावी, सरळ रस्त्यावर थोडे अंतर गाडी चालवावी आणि रेघ कोठे पुसली गेली ते पाहावे. फक्त मधे पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी, सगळी सारखी पुसली तर योग्य. परीक्षा उत्तम आहे. तिच्यात दोष एवढाच की ती चार चाकांवर ताठ उभ्या राहणाऱ्या वाहनासाठी आहे, आणि दुचाकी झुकल्यावर रेघेचे काय होते हे पाहायला चालक मागे वळू शकत नाही.

ऋतूंचाही विचार करावा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की हवा साधारण एक पौंडाने वाढते. धुळ्याच्या थंडीत १० अंशांच्या पहाटे भरलेले ३२ पौंड, गळती नसेल तर, भुसावळच्या ४५ अंशांच्या दुपारी ३८ च्या घरात जातात. म्हणजे आपण फार विचार करून ठरवलेला आकडा ज्येष्ठ महिना परस्पर बदलून टाकतो. यावर नायट्रोजन भरण्याचा उपाय सुचवला जातो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो. उरलेल्या टक्क्यांसाठी पैसे मोजावेत, त्या निमित्ताने टायरवाल्याच्या मुलांच्या शाळेची फी तरी भरली जाते.

आता ज्या विषयाला हे तज्ज्ञ शेवटी आणि घाईने हात घालतात, तो वळण्याचा विषय. दुचाकी झुकून वळते, म्हणून तिच्या टायरची पाठ गोल असते. गाडी कितीही झुकली तरी टायरची एक बाजू रस्त्यावर सारखी टेकत राहते. मोटार झुकत नाही, म्हणून तिच्या टायरची पाठ सपाट असते आणि पाठ संपून भिंत सुरू होते तेथे त्याला खांदे असतात. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोडे पाहायला गेलेल्या कोणालाही हे समजेल. घोड्याला नाल ठोकतात आणि बैलाला पत्री, आणि दोन्ही लोखंडाचीच असली तरी घोड्याला पत्री ठोकून त्याला नाचवण्याची कल्पना तेथील एकाही व्यापाऱ्याला अजून सुचलेली नाही. तेवढी प्रगती होणे बाकी आहे.

मी स्वतः एकदा अशा गाडीवर मागे बसून चाळीसगावहून कन्नडचा घाट चढलो. सपाटीवर गाडी रेल्वेसारखी गेली, हे कबूल. रस्त्याच्या कडेच्या उताराकडे ती सारखी ओढली जात होती आणि मित्र तिला दर थोड्या वेळाने परत आणत होता, तेवढे सोडले तर तक्रारीला जागा नव्हती. घाटातल्या पहिल्या तीव्र वळणावर मात्र गाडी झुकेना. मित्राने हँडल जोर लावून ढकलले, तेव्हा टायर खांद्यावर चढला, त्याची अर्धी पाठ हवेत उचलली गेली आणि भरलेले टेबल दोन पायांवर तोलून धरावे तसे आम्ही दोघे तोलले गेलो. वळण संपल्यावर टायर धप्पकन पूर्ववत सपाट झाला. पुढच्या प्रत्येक वळणावर हाच कार्यक्रम. वर पोहोचल्यावर मित्राने हेल्मेट काढून घाम पुसला, तळहाताचे फोड पाहिले आणि शांतपणे निष्कर्ष सांगितला: ‘हवा दोन पौंड कमी पाहिजे होती.’ मी परतीचा प्रवास एसटीने केला, त्यामुळे दोन पौंडांनी काय फरक पडला असता हे मला सांगता येणार नाही.

पावसाचे एका वाक्यात सांगून टाकतो. रुंद, सपाट आणि हलक्या वजनाखालचा टायर पाण्याच्या थरावर अधिक लवकर तरंगतो, त्यात हवा कमी असेल तर आणखी लवकर, आणि मृगाच्या पहिल्या सरीत ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणून ठेवलेली काळी माती त्याखाली पसरलेली असेल, तर पुढचे वर्णन प्रत्यक्षदर्शींनी करावे. विम्याचा सर्व्हेअर आला तर त्याला आधी चहा द्यावा आणि मागचे चाक मागेच राहील अशा बेताने गाडी उभी करावी.

झीज मोजण्याचा आनंद मात्र कोणी हिरावून घेऊ शकत नाही. दर रविवारी गाडी ओट्यासमोर लावून, भरीत-भाकरी होईपर्यंत, टायरच्या खाचांत पट्टी घालून खोली पाहावी. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात आणि नक्षी झिजून त्यांना टेकली की टायर संपला असे मानतात. आपली नक्षी त्यांच्यापासून इतकी दूर असेल की शेजाऱ्यांना बोलावून दाखवावेसे वाटेल. या वर्षभरात पुढचा टायर दोन्ही कडांना झिजेल, कारण मागचा वळायला तयार नसल्यामुळे वळण्याचे सगळे काम त्याच्यावर पडले. स्टीअरिंगच्या बेअरिंगा बदलाव्या लागतील, चिमट्याचे बुश जातील. हा खर्च वेगळ्या वहीत लिहावा. टायरच्या वहीत तो मिसळला तर बचत दिसत नाही.

आणि एके दिवशी, पाय बरा झाल्यावर, किंवा सौभाग्यवतींनी मागे बसण्यास साफ नकार दिल्यावर, आपण तो टायर उतरवायला त्याच दुकानात न्याल. दादा त्याच्यावरून हात फिरवेल, खाचेत नख घालून पाहील आणि कौतुकाने म्हणेल, ‘भाऊ, यामा अजून गंज जीव शे,’ म्हणजे यात अजून पुष्कळ जीव आहे. मग तो टायर पुसून दुकानाबाहेरच्या रांगेत, जेथून आपण तो निवडला होता त्याच खिळ्याला, पुन्हा टांगेल.