"बारीक माणसाला शुगर होत नाही" या मेसेजला माझं उत्तर

परवा रात्री मामीने एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "अगं खरंय का हे? बाळूने कालपासून इन्सुलिन घेतलं नाहीये." बाळू म्हणजे माझा मामेभाऊ, वय 26, वजन 48 किलो, टाइप वन डायबेटीस (म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही). मेसेज असा होता: शुगर हा लठ्ठ, शहरी लोकांचा आजार, बारीक माणसाचं स्वादुपिंड ठणठणीत असतं, सगळं संशोधन गोऱ्या लोकांवर झालंय, इन्सुलिनने स्वादुपिंड आळशी होऊन कायमचं बंद पडतं, म्हणून ते सोडा आणि 21 दिवस कारल्याचा रस प्या. पहिल्यांदा फोन करून बाळूला डॉक्टरांकडे पाठवलं, तो आता बरा आहे. आता लिहिते.

आधी ते "संशोधन गोऱ्यांवर झालंय". ज्याने हे लिहिलं त्याला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक माहीतच नाहीत. ऑक्सफर्डला काम करून हा माणूस पुण्यात परत आला आणि आयुष्यभर आपल्याच लोकांचा डायबेटीस अभ्यासला. स्वादुपिंडात खडे होऊन डायबेटीस झालेले पेशंट तपासून, त्यांचं स्वादुपिंड पाचकरस किती बनवतं आणि इन्सुलिन किती बनवतं, दोन्ही मोजून 1990 साली त्यांनी पेपर लिहिला. हा आजार बऱ्याचदा तरुण, हडकुळ्या माणसांना होतो. म्हणजे "बारीक माणसाचं स्वादुपिंड ठणठणीत" हे तिथेच संपलं.

पण मुख्य काम पुढे आहे. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या टीमने बायकांना गरोदर राहण्याआधीपासून तपासलं, या बायकांचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास, शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळं जन्मली सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची, पण खांद्याच्या पात्याखाली चिमट्याने चरबी मोजली तर ती जवळपास तिकडच्या बाळांइतकीच, कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक, आतून चरबी. स्वतः याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी 21.2 टक्के आणि युडकिनच्या 9.1. मग त्या गावातली मुलं 18 वर्षांची झाली, बीएमआयने जवळजवळ निम्मी अंडरवेट, तरी मुलांमधली 37 टक्के आणि मुलींमधली 18 टक्के प्रीडायबेटीसमध्ये, म्हणजे शुगर डायबेटीसइतकी नाही पण नेहमीपेक्षा जास्त! आणि ज्यांची शुगर पुढे वाढली त्यांची उपाशीपोटी शुगर लहानपणापासूनच जास्त होती, त्यांच्या बीटा पेशी (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या) गरजेइतकं इन्सुलिन वाढवू शकत नव्हत्या. ही गावातली मुलं आहेत हो, शहरी लठ्ठ नाहीत. आपल्याकडे कितीतरी लोक "मी बारीक आहे" म्हणून रक्त तपासतच नाहीत आणि पायाची जखम चिघळल्यावर कळतं. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

आता इन्सुलिनने स्वादुपिंड बंद पडतं, हे. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी मारते, इन्सुलिन सुरू व्हायच्या आधीच बहुतेक पेशी गेलेल्या असतात. इन्सुलिन सोडलं की शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून बनणारे कीटोन रक्तात साठतात, रक्त आम्लधर्मी होतं, उलट्या, धाप, आणि एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो. 1922 च्या जानेवारीत टोरँटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तोवर अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवत. तो मुलगा नंतर 13 वर्षं जगला. इन्सुलिनमुळे. टाइप टूमध्ये (जिथे शरीर इन्सुलिन बनवतं पण ते पुरत नाही) तर सुरुवातीला थोडे आठवडे इन्सुलिन दिल्यावर बीटा पेशींचं काम सुधारल्याचं चीनमधल्या अभ्यासात दिसलंय, म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलट.

कारल्याबद्दल काय लिहू. भाजी म्हणून खा.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, बरं वाटत नाही तरी. टाइप टू असलेल्या जाड माणसांनी वजन बरंच कमी केलं तर औषधं सुटू शकतात, ब्रिटनमध्ये 2017 च्या 'डायरेक्ट' (DiRECT) नावाच्या अभ्यासात वर्षभरात 46 टक्के लोकांची शुगर औषधांशिवाय डायबेटीसच्या खाली आली. पण त्यात इन्सुलिनवर असलेले पेशंट घेतलेच नव्हते, डायबेटीस होऊन सहा वर्षांच्या आतले लोक होते आणि सगळं डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली. 48 किलोच्या बाळूने काय कमी करायचं?

मामी, ज्या ग्रुपवरून हे आलं तिथे माझं हे उत्तर टाक. आणि कोणाला इन्सुलिन चालू असताना उलट्या, पोटदुखी, धाप आणि शुगर वाढलेली असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटलला न्या.