पानी, पाणी आणि व्हायोला

अकोल्याकडे माझ्या भाचीनं वक्तृत्व स्पर्धेत ‘पानी’ म्हटलं आणि परीक्षकांनी गुण कापले. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसती जुंपली. काकांचं म्हणणं, २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आता निदान ‘ण’ तरी नीट म्हणा. मामी भडकल्या. मी न्यू जर्सीहून कामाला जाताना लोकलमध्ये हे वाचत होतो आणि कानात स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराचं ‘डिफरंट ट्रेन्स’ चालू होतं.

क्रोनोस क्वार्टेट या चौघा तंतुवादकांच्या गटाचं १९८९ मध्ये प्रकाशित झालेलं हे ध्वनिमुद्रण. दोन व्हायोलिन, व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं), चेलो (त्याहून मोठं, खर्जातलं), त्यांचेच आधी मुद्रित केलेले थर आणि आगगाडीच्या शिट्ट्या. आईवडील विभक्त झाल्यामुळे छोटा राइश १९३९ ते १९४२ या काळात न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये गाडीनं ये-जा करायचा. पुढे त्याच्या मनात आलं, आपण ज्यू. तेव्हा युरोपात असतो तर फार वेगळ्या गाड्यांत बसावं लागलं असतं. मग त्यानं त्याला सांभाळणाऱ्या बाईंचं, एका निवृत्त रेल्वे पोर्टरचं आणि नाझी संहारातून वाचलेल्या तिघांचं बोलणं घेतलं. त्या बोलण्यातल्या चढउतारांचीच चाल झाली. बाई बोलली की व्हायोला तिच्यासोबत, पुरुष बोलला की चेलो. ‘फ्रॉम शिकागो टू न्यू यॉर्क’, एवढंच, पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा मला कंटाळा आला होता. आता त्यातला प्रत्येक हेलकावा ओळखीचा झालाय.

वाचलेल्या त्या माणसांचं इंग्रजी परक्या वळणाचं आहे. ते घासूनपुसून सरळ केलं असतं तर चालच गेली असती.

प्रमाण मराठी हवीच. इतक्या बोलींच्या माणसांना एकमेकांचं लिहिलेलं कळतं ते तिच्यामुळे. पण दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडचा ‘न’ हा दोष नाही, तो तिच्या आजीचा सूर आहे. इथे माझे उच्चार ऐकून काउंटरवरचा माणूस ‘पुन्हा सांगा’ म्हणतो, तेव्हा पुढचं वाक्य घशातच अडकतं. भाचीचं तसं होऊ नये.

माझी मुलगी शाळेत व्हायोला शिकते. रविवारी तिला माझ्या आईचा आवाज ऐकवला: ‘काऊन रे, जेवला नाही अजून?’ ते ती व्हायोलावर वाजवू लागली. ‘काऊन’वरची उडी तिला तीनदा चुकली, चौथ्यांदा बरोबर लागली. ते रेकॉर्डिंग भाचीला पाठवलंय.