‘मस्ट हॅव’ : खात्री की अंदाज? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार सर,

इंग्रजी भाषक कारणे सांगताना किती आणि कशी खात्री व्यक्त करतात, या विषयावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण ती वाचल्यावर मला आधी माझाच लेख पुन्हा तपासावा लागला.

इतर वाचकांसाठी वादाचा मुद्दा थोडक्यात सांगतो. इंग्रजी बोलणारा माणूस एखाद्या घटनेचे कारण सांगताना सहसा हातचे राखून बोलतो, आणि ‘मस्ट हॅव’ (‘झाले असणार’) हा वरकरणी ठाम प्रयोगही प्रत्यक्षात साध्या विधानापेक्षा कमी खात्रीचा असतो, असे मी लिहिले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. ‘मस्ट’ म्हणजे खात्री, ‘मे’ म्हणजे शक्यता आणि ‘माइट’ म्हणजे त्याहून क्षीण शक्यता, असे आपण बत्तीस वर्षे वर्गात शिकवले आणि व्याकरणाची पुस्तकेही तेच सांगतात, तेव्हा माझे विधान निखालस चूक आहे, हा पहिला. ज्याला मी काटेकोरपणा म्हटले ती खरे तर जबाबदारी झटकण्याची सभ्य रीत आहे, हा दुसरा. आणि मराठीत हे सगळे असताना इंग्रजीचे एवढे कौतुक कशाला, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपापुरती माझी चूक मान्य करतो, पण ती पुस्तकातल्या त्या उतरंडीमुळे सिद्ध होते असे मला वाटत नाही. सकाळी खिडकी उघडली आणि रस्ता ओला दिसला, तर इंग्रजी भाषक ‘इट मस्ट हॅव रेन्ड’ म्हणतो. रात्री जागा राहून ज्याने पाऊस पाहिला, तो मात्र नुसते ‘इट रेन्ड’ म्हणतो. त्याच्या तोंडी ‘मस्ट हॅव’ आले तर ऐकणारा चमकेल. म्हणजे ज्याला अधिक पक्के ठाऊक आहे तो ‘मस्ट’ वापरत नाही. याच निरीक्षणावरून लाउरी कार्टुनेन या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवून दिले की ‘मस्ट’चे विधान तर्कशास्त्रात कितीही भक्कम दिसले, तरी बोलण्यात ते साध्या विधानापेक्षा दुबळे ठरते. माझा लेख या विचाराच्या आधाराने लिहिलेला होता, आणि तिथेच मी थांबलो ही माझी चूक झाली.

काय फॉन फिंटेल आणि अँथनी गिलीस या अभ्यासकांनी २०१० मध्ये या मताला जोरदार हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की ‘मस्ट’ दुबळे नाही, ते फक्त आडवाटेने आलेले आहे. फळीवर तीन डबे आहेत आणि त्यांतल्या एकात साखर आहे, हे मला नक्की ठाऊक आहे. पहिला उघडला तर रवा निघाला, दुसरा उघडला तर मीठ निघाले. तिसरा न उघडताच मी म्हणतो की साखर याच डब्यात असणार. या वाक्यात शंकेला तिळमात्र जागा नाही, तरीही इंग्रजीत इथे ‘मस्ट बी’ अगदी स्वाभाविक वाटते. तेव्हा ‘मस्ट’ खात्री कमी करत नाही. ही गोष्ट मी पाहिलेली नाही, जे पाहिले त्यावरून इथपर्यंत आलो आहे, एवढेच ते सांगते. मला आता हे मत अधिक पटते. शाळेतल्या उतरंडीत नेमके हेच हरवते: तीन शब्द एकाच मोजपट्टीवर बसवले जातात, आणि ‘मस्ट’ हा शब्द खात्रीबरोबर खात्रीचा मार्गही सांगतो, हे मुलांपर्यंत पोहोचत नाही. (मुले मग नकारातही ‘मस्ट नॉट हॅव’ लिहितात. अमेरिकेत ते चालते, पण इंग्लंडमध्ये अशा जागी सहसा ‘कान्ट हॅव’ येते.)

कारणाच्या वाक्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ‘शी मस्ट हॅव लेफ्ट बिकॉज शी वॉज अँग्री’ या वाक्यातला ‘मस्ट’ कोणाचा? ती गेली हा माझा तर्क आहे, की ती गेलेली मला दिसलेच आहे आणि राग हे कारण तेवढा माझा तर्क आहे? लिहिलेल्या इंग्रजीवरून हे कळत नाही. बोलताना कोणत्या शब्दावर जोर दिला यावरून कळते, किंवा वाक्य फिरवून ‘इट मस्ट हॅव बीन बिकॉज’ अशी सुरुवात करावी लागते. मराठीत एक ‘च’ पुरतो. ‘ती रागावली म्हणूनच गेली असणार’ म्हटले की तर्क कारणाला चिकटतो, आणि जाण्याबद्दल कोणाला शंका उरत नाही.

‘बिकॉज’चा आणखी एक खेळ लेखात राहून गेला होता. ‘तो घरी आहे, कारण दिवा लागलेला आहे’ या वाक्यात दिवा हे घरी असण्याचे कारण नाही. तो घरी आहे असे मी म्हणतो त्याचे ते कारण आहे. भाषाशास्त्रज्ञ ईव्ह स्वीट्सर यांनी १९९० मध्ये हा भेद नीट मांडला: एक ‘बिकॉज’ जगातल्या घटना जोडतो, दुसरा बोलणाऱ्याच्या निष्कर्षाला आधार देतो, आणि तिसरा तर नुसत्या प्रश्नाचे समर्थन करतो, जसे ‘आज संध्याकाळी काय करतोस? कारण एक चांगला सिनेमा लागला आहे’. मराठीतला ‘कारण’ ही तिन्ही कामे करतो, पण ‘मुळे’ करत नाही. ‘दिवा लागल्यामुळे तो घरी आहे’ म्हटले की अर्थ पार बदलतो. इंग्रजीत ‘ड्यू टू’चेही असेच आहे, ते पुराव्याचे काम करत नाही. म्हणून इंग्रजी मजकुरात प्रत्येक ‘बिकॉज’पाशी थांबून हे विचारावे लागते की इथे कारण सांगितले जात आहे, की पुरावा.

आता दुसरा आक्षेप, आणि माझ्या मते आपल्या प्रतिक्रियेतला तोच सर्वात वजनदार आहे. सावध भाषा म्हणजे पळवाट, हे आपले म्हणणे सरसकट खरे आहे का, हे पाहण्यासाठी एक कठीण उदाहरण घेतो. १४ जून २०१७ च्या पहाटे पश्चिम लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला लागलेल्या आगीत ७२ माणसे दगावली. माजी न्यायाधीश सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा पहिला अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. त्यात कारणांची एक साखळी आहे, आणि तिच्या प्रत्येक कडीला वेगळे क्रियापद, वेगळे विशेषण लावलेले आहे.

आग चौथ्या मजल्यावरच्या सोळा क्रमांकाच्या सदनिकेत, स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रिजमध्ये विजेच्या बिघाडातून लागली, हे अहवाल कोणतेही ‘कदाचित’ न लावता सांगतो. बिघाड नेमका कोणता होता, हे ठरवता आले नाही, हेही तो तितक्याच सरळ शब्दांत सांगतो. आग स्वयंपाकघरातून बाहेरच्या आवरणात कशी शिरली, या प्रश्नाशी मात्र भाषा बदलते: गरम धुरामुळे खिडकीची प्लॅस्टिकची चौकट वाकून कोसळली आणि तिथून वाट मिळाली, हे ‘मोअर लाइकली दॅन नॉट’ आहे, म्हणजे तसे नसण्यापेक्षा असण्याची शक्यता अधिक आहे. आणि पुढच्याच कडीवर भाषा पुन्हा ठाम होते. ज्वाला इतक्या वेगाने पसरण्याचे प्रमुख कारण म्हणजे पॉलिएथिलीनचा गाभा असलेले अॅल्युमिनियमचे पत्रे, त्यांनीच इंधनाचे काम केले.

सर, हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मलाही मधली ती कडी कचखाऊ वाटली होती. पण त्या एका जागी पुरावा खरोखरच जळून गेलेला होता, आणि ‘मोअर लाइकली दॅन नॉट’ हे शब्दही हवेतून आलेले नाहीत. इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयांत एखादी गोष्ट सिद्ध मानायला जे माप लावतात, म्हणजे पारडे निम्म्याहून थोडे जरी एका बाजूला झुकले तरी पुरे, ते हे माप आहे. चौकशीला पळवाटच हवी असती तर सगळ्या साखळीला एकच ‘शक्यता आहे’ लावून मोकळे होता आले असते. सप्टेंबर २०२४ च्या अंतिम अहवालात तर ही आग म्हणजे केंद्र सरकार आणि बांधकाम क्षेत्रातल्या जबाबदार संस्थांच्या कित्येक दशकांच्या अपयशाची परिणती होती, असे स्वच्छ लिहिले आहे. जिथे दोष ठेवायचा तिथे ‘माइट’ नाही आणि ‘पर्हॅप्स’ही नाही.

तरीही आपले म्हणणे मी खोडून काढले असे समजत नाही. ‘लिंक्ड टू’ हा वृत्तपत्रांचा लाडका प्रयोग घ्या. अमुक पदार्थाचा तमुक रोगाशी संबंध आढळला, असे मथळ्यात छापायचे. वाचक त्यातून कारण वाचतो, आणि कोणी जाब विचारला तर आम्ही फक्त संबंध म्हटले होते, असे सांगायला लेखक मोकळा. माझ्या मते ही शुद्ध लबाडी आहे, आणि मूळ लेखात मी तिच्याकडे काणाडोळा केला.

पण सर्वात मोठी लबाडी सावध शब्दांतून झाली नाही, हेही पाहावे असे मला वाटते. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये लिहिले की धूम्रपान हा फुप्फुसाच्या कर्करोगामागचा एक घटक आहे, आणि महत्त्वाचा घटक आहे. त्यांनी ‘एकमेव कारण’ म्हटले नाही, आणि ‘घटक’ म्हणून थांबलेही नाहीत. ‘महत्त्वाचा’ हा शब्द वेगळा जोडला. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकी सिगारेट कंपन्यांनी देशभरच्या वृत्तपत्रांत पानभर निवेदन छापून कळवले की सिगारेट हे त्या रोगाचे एक कारण असल्याचा पुरावाच नाही. या दोन वाक्यांपैकी ठाम कोणते? कंपन्यांचे. त्या वाक्यात ‘असावे’, ‘वाटते’ असे काही नाही. ‘प्रूफ’ या शब्दाचे माप इतके उंच नेऊन ठेवले की तिथे कोणतेच संशोधन पोहोचू नये. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्यप्रमुखाच्या, १९६४ च्या अहवालाने धूम्रपान आणि पुरुषांमधला फुप्फुसाचा कर्करोग यांत कार्यकारणसंबंध आहे असे अखेर म्हटले, तेव्हा मधली दहा वर्षे त्या ठामपणाने खाल्ली होती.

शास्त्रज्ञांच्या ‘लाइकली’कडेही याच नजरेने पाहता येते. आयपीसीसी या हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या अहवालांत हा शब्द सैल राहू नये म्हणून त्याला आकडा बांधून दिलेला आहे: ‘लाइकली’ म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० हून अधिक, ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ म्हणजे ९५ हून अधिक. विसाव्या शतकाच्या मध्यापासूनची बहुतांश तापमानवाढ माणसामुळे झाली, या एकाच विधानाला २००१ मध्ये पहिला शब्द लागला, २००७ मध्ये दुसरा आणि २०१३ मध्ये तिसरा. २०२१ च्या अहवालात टक्केवारीचा शब्द गेला आणि हा मानवी प्रभाव निर्विवाद आहे, असे वाक्य आले. वीस वर्षांत खात्री कशी वाढत गेली, हे इथे एका क्रियाविशेषणावरून वाचता येते.

तिसऱ्या आक्षेपाला मी फारसा विरोध करणार नाही. आपल्या वर्तमानपत्रांतले ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी, असा प्राथमिक अंदाज आहे’ हे वाक्य घ्या. त्यात ‘असावी’ आहे, ‘अंदाज’ आहे, तो अंदाजही ‘प्राथमिक’ आहे, आणि अंदाज कोणाचा हे गुलदस्त्यात आहे. संकोचात आपण इंग्रजीला हार जात नाही. शिवाय आपल्याकडे ‘असेल’, ‘असावा’, ‘असणार’ आणि ‘असला पाहिजे’ अशा चार छटा आहेत, आणि त्यांतल्या ‘पाहिजे’ने तर ‘मस्ट’प्रमाणेच कर्तव्य आणि तर्क ही दोन्ही ओझी उचललेली आहेत. मी कौतुक केले ते इंग्रजी भाषेचे नव्हते, काही इंग्रजी अहवाललेखकांच्या सवयीचे होते. पण लेखात हा फरक स्पष्ट झाला नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे.

मूळ लेखातले ‘मस्ट हॅव हे कमी खात्रीचे असते’ हे वाक्य आज काढून टाकले आहे. त्या जागी ‘बोलणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिलेली नाही, पुराव्यावरून ताडलेली आहे, असे मस्ट हॅव सांगते, खात्री किती, हे त्या पुराव्यावर अवलंबून’ असे लिहिले आहे, आणि ही दुरुस्ती आपल्यामुळे झाली अशी नोंदही केली आहे. हे वाक्य वर्गात मुलांना समजेल असे आहे का, ते मात्र आपणच सांगू शकाल.

आपला,
लेखक