गर्दी अपघातांसाठी नव्हती

छोट्या ट्रॅकवरच्या स्टॉक कार, म्हणजे नेहमीच्या मोटारींवर बेतलेल्या गाड्यांच्या, शर्यतींना लोक मुख्यतः अपघात पाहायला येत, हे लेखातील विधान मला मान्य नाही. मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅगवमच्या रिव्हरसाइड पार्क स्पीडवेवर मी १९९०च्या दशकात अनेक शनिवारच्या रात्री घालवल्या आहेत. पाव मैलाचा तो ट्रॅक बाकांवरून संपूर्ण दिसे, आणि पुढच्या गाडीच्या आतल्या बाजूने शिरण्यासाठी एखादा चालक फेऱ्यामागून फेऱ्या दबा धरून राही, तेव्हा शेजारी बसलेली अनोळखी माणसेही एकमेकांशी त्याच्या पुढच्या चालीबद्दल बोलू लागत. अपघात झाला की मात्र सारे स्तब्ध होत आणि चालक गाडीबाहेर येऊन हात हलवीपर्यंत कोणी खाली बसत नसे.

ट्रॅक ज्या करमणूक उद्यानात होता, त्याच्या विस्तारासाठी १९९९ मध्ये तो बंद झाला, तेव्हाही बाके रिकामी पडलेली नव्हती.