हजार रुपयांचं डोमेन आणि कंपनीकडून येणारे ‘लाखो’

एक सल्ला रील आणि व्हॉट्सअॅपवरून फिरत असतो. बड्या ब्रँडच्या नावाला ‘इंडिया’, ‘पुणे’ किंवा ‘सर्व्हिस’ जोडा, हजारेक रुपयांत डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, नोंदवा आणि गप्प बसा. आधी नोंदवेल त्याचं डोमेन, कंपनीला हवं असेल तर ती लाखो मोजेल. साइट चालवलीच नाही, किंवा खाली ‘आमचा कंपनीशी संबंध नाही’ असं लिहिलं, की कायदा लागत नाही. फार तर डोमेन जाईल.

‘आधी नोंदवेल त्याचं डोमेन’ हे डोमेन नोंदवून देणाऱ्या रजिस्ट्रारपुरतं खरं आहे. नाव मोकळं आहे का, एवढंच तो बघतो, ट्रेडमार्क तपासत नाही. ती जबाबदारी तुम्हीच घेतलेली असते, न वाचता ‘मान्य’ केलेल्या करारात. या नावाने कोणाच्या हक्काला धक्का लागत नाही, अशी हमी तुम्ही तिथे देता आणि तक्रार आली तर ठरलेल्या लवादापुढे जायलाही कबूल होता. डॉट कॉमसाठी त्या नियमांना यूडीआरपी म्हणतात, डॉट इनसाठी आयएनडीआरपी. कोर्टाची वाट वेगळीच. डोमेनसाठी स्वतंत्र कायदा नसला तरी ‘पासिंग ऑफ’, म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवणं, हे तत्त्व डोमेनलाही लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलं.

त्या खटल्यात सत्यमच्या ‘सिफी’ या नावासमोर दुसऱ्या कंपनीचं ‘सिफ्फीनेट’ उभं होतं. ते आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरं जोडून बनलं, असा खुलासा त्या कंपनीने केला. मुंबई उच्च न्यायालयात त्याआधीच ‘रेडिफ’विरुद्ध ‘रॅडिफ’ असा सामना झाला होता. तिथे रॅडिकलमधली तीन अक्षरं आणि इन्फॉर्मेशन, फ्यूचर, फ्री यांचं पहिलं एकेक, अशी फोड मांडली गेली. दोन्ही खुलासे टिकले नाहीत. तरी आद्याक्षरांची ही युक्ती लोकांना दर वेळी नवी वाटते.

आता पैशांचं, कारण सगळा सल्ला त्यावरच उभा आहे. यूडीआरपीत तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे, तुमचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने नोंदवून वापरता आहात. वाईट हेतूचं नियमातलं पहिलंच उदाहरण असं: प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त किंमत घेऊन ट्रेडमार्कच्या मालकाला विकण्यासाठी डोमेन घेणं. म्हणजे ‘पाच लाखांत देतो’ असा मेल पाठवलात, की कंपनीच्या वकिलाला हवा तो पुरावा तुम्हीच हातात दिलात. कॅनडातल्या माइक रो नावाच्या शाळकरी मुलाने २००३ मध्ये ‘माइकरोसॉफ्ट’ हे डोमेन घेतलं. मायक्रोसॉफ्टने नोंदणीखर्चाचे १० डॉलर देऊ केले, त्याने १०,००० मागितले आणि लगेच वाईट हेतूचा आरोप करणारं पत्र आलं. नाव त्याचं स्वतःचं होतं, तरीही.

शिवाय कंपनीचा हिशेब बघा. असे वाद चालवणाऱ्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एक ते पाच डोमेनसाठी, निवाडा देणाऱ्या एकसदस्यीय पॅनेलची फी १,५०० डॉलर, म्हणजे सव्वा-दीड लाख रुपये, वर वकील. तुम्हाला पैसे दिले तर उद्या आणखी दहा जण रांगेत उभे राहतील, हे तिला कळतं.

‘ब्रँड यायच्या आधीच मी नाव घेतलं’ हा बचाव एरवी चांगला आहे. पण विलीनीकरणाची किंवा नव्या उत्पादनाची बातमी वाचून दोन नावं जोडली असतील तर पॅनेल तो सहसा मानत नाहीत. २०२४ मध्ये गाजलेलं जिओहॉटस्टार डॉट कॉम याच जातीचं होतं. जोडनाव नवं, पण जिओ आणि हॉटस्टार दोन्ही ट्रेडमार्क आधीपासूनचे.

साइट चालू नाही, म्हणून सुटका नाही. टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या २०००मधल्या प्रकरणात टेल्स्ट्रा डॉट ऑर्गवर काहीच नव्हतं, तरी ते नुसतं धरून ठेवणंही वाईट हेतूचा वापर ठरलं. डॉट इनचा नियम तर आणखी कडक आहे. वाईट हेतूची नोंदणी किंवा वापर, यातलं एक सिद्ध झालं तरी पुरे. आणि ‘रिकामं’ डोमेन बरेचदा रिकामं नसतंच. रजिस्ट्रार त्यावर आपलं पार्किंग पान, म्हणजे जाहिरातींचं तयार पान, लावतो, त्यात त्याच ब्रँडच्या स्पर्धकांच्या जाहिराती येतात, आणि ‘त्या मी लावल्या नाहीत’ हे उत्तर चालत नाही.

‘आमचा कंपनीशी संबंध नाही’ ही ओळ? याहूइंडिया डॉट कॉमवर अशी सूचना होती. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ती पुरेशी मानली नाही. ग्राहक नाव बघून साइटवर येतो, तळाची ओळ वाचून नाही.

‘फार तर डोमेन जाईल’ हे यूडीआरपीच्या लवादापुरतंच बरोबर. तो दंड लावत नाही, डोमेन रद्द करतो किंवा हस्तांतरित करतो. कोर्टात मात्र मनाईहुकूम, नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशेब मागता येतो. ब्रँडचं नाव खोटेपणाने लावून सेवा खपवली, उदाहरणार्थ बनावट सर्व्हिस सेंटर चालवलं, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. अमेरिकेत दावा लागला तर तिथला १९९९चा कायदा एकेका डोमेनमागे १,००० ते १,००,००० डॉलर भरपाई ठरवू देतो.

सल्ल्यात एक कण खरा आहे. ब्रँडचं नाव असलेलं प्रत्येक डोमेन बेकायदा नसतं. निसान आडनावाच्या गृहस्थांनी १९९४ मध्ये घेतलेलं निसान डॉट कॉम मोटार कंपनीशी वर्षानुवर्षं लढून टिकवलं. विक्रेता किंवा दुरुस्तीवाल्यासाठी २००१च्या ओकी डेटा निर्णयातली कसोटी वापरतात: माल किंवा सेवा खरंच द्या, फक्त त्याच ब्रँडची द्या, कंपनीशी नेमकं नातं ठळक लिहा, त्या नावाची सगळी डोमेनं अडवू नका. ‘सर्व ब्रँडचे एसी दुरुस्त’ लिहिलंत की दुसऱ्या अटीत अडकलात.

असं डोमेन आधीच घेतलं असेल तर विक्रीची पाटी काढा, पार्किंग बंद करा, ऑटो-रिन्यूअल बंद करा. नोटीस आली तर उत्तरात आकडा लिहू नका. ‘विदाउट प्रेज्युडिस’ (ही बोलणी पुरावा म्हणून वापरू नयेत) असा मथळा दिला तरी पॅनेल तो आकडा अनेकदा विचारात घेतात. तक्रार दाखल झाली की डोमेन लॉक होतं, मालकी लपवणारी प्रायव्हसी सेवा उपयोगाची राहत नाही. यूडीआरपीत उत्तराला २० दिवस मिळतात, मागितले तर आणखी चार. उत्तराला फी नाही. तीन सदस्यांचं पॅनेल तुम्ही मागितलंत तर मात्र ४,००० डॉलरमधले निम्मे तुमच्या माथी. निकाल विरुद्ध गेला तर कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात दावा लावल्याचा कागद रजिस्ट्रारला द्यावा लागतो, नाहीतर तो डोमेन कंपनीकडे वळवतो.