पानिपताचं कार्टून

२० मे २०२५ला जयंत नारळीकर गेले. आमच्या 'वाडा' ग्रुपवर दोन दिवस श्रद्धांजल्या आल्या, तिसऱ्या दिवशी सांगलीच्या चुलतभावाने लिहिलं, "'गंगाधरपंतांचे पानिपत'वर ॲनिमेटेड सीरिज काढायला पाहिजे राव." झालं! आबाकाका उसळले. उभा जन्म शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. "पानिपताचं कार्टून? लाख बांगडी फुटली तिथे, त्याची चेष्टा करता?" खाली सतरा अंगठे.

कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी: इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथल्या बखरीत विश्वासरावांना लागायची गोळी तिळाएवढ्या अंतराने चुकते आणि मराठे पानिपत जिंकतात. ही कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात आहे. म्हणजे देशभरातली पोरं ती वाचून पेपर लिहितात. तेव्हा कुणाची बांगडी फुटत नाही, चित्र हललं की फुटते?

मला जास्त झोंबलं ते अशासाठी, की त्याच आठवड्यात माझा नऊ वर्षांचा मुलगा 'लेव्हायथन' या ॲनिमेटेड सीरिजच्या ट्रेलरची पारायणं करत होता. ती १० जुलै २०२५ला नेटफ्लिक्सवर आली. मूळ कादंबरी २००९ची, स्कॉट वेस्टरफेल्डची. पहिलं महायुद्ध, पण इंग्रजांकडे देवमाशापासून घडवलेलं जिवंत हवाई जहाज आणि जर्मन-ऑस्ट्रियन फौजांकडे पाय टाकत चालणारी लोखंडी यंत्रं. नायक अलेक हा ज्याच्या खुनावरून ते युद्ध पेटलं त्या ऑस्ट्रियाच्या युवराजाचा, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा मुलगा. असा मुलगा नव्हताच. खरी मुलं तीन, सोफी, मॅक्स आणि अर्न्स्ट. त्यातल्या दोघा भावांना नाझींनी १९३८मध्ये डाखाउच्या छळछावणीत टाकलं. इतक्या दुखऱ्या घराण्यावर अमेरिकन माणसाने कादंबरी रचली, ॲनिमेशन केलं जपानच्या 'ऑरेंज' स्टुडिओने, दिग्दर्शक फ्रेंच. आणि त्या घराण्याच्या राजधानीत, मी राहते त्या व्हिएन्नात? ऑफिसात सांगितलं तर पलीकडच्या टेबलावरची म्हणाली, "अच्छा, किती भाग आहेत?"

मी हे ग्रुपवर टाकलं. जरा टेचातच टाकलं, खोटं कशाला बोलू. शेवटी लिहिलं, "इथे कुणाच्या भावना दुखावत नाहीत."

दहा मिनिटांत वकील दादाचं उत्तर. "१९८८. थॉमस बर्नहार्डचं 'हेल्डनप्लाट्झ'. नाझींबद्दल नाटकात खरं बोलला म्हणून तुमच्या बुर्गथिएटरसमोर शेण आणून ओतलं होतं. आपल्याकडे 'घाशीराम'ला नुसती निदर्शनं झाली."

मला हे ठाऊक होतं. माझी डी ट्राम रोज त्याच थिएटरसमोरून जाते. सोयीचं नव्हतं म्हणून लिहिलं नाही, एवढंच. आणखीही एक गोष्ट मी गाळली. हाब्सबुर्गांचं, म्हणजे फर्डिनांडच्या राजघराण्याचं, इथे कुणाला सुतक उरलेलं नाही. १९१९ला कायदा करून सरदार-उमरावांच्या नावातलं 'फॉन'सुद्धा काढून टाकलं. पानिपताचं तसं नाही. १४ जानेवारी १७६१ला तोफा थांबल्या, पण सांगलीत अजून परीक्षेत पानिपत होतं, धंद्यात पानिपत होतं. ज्यांच्या बोलण्यात ते रोज येतं त्यांना ते खेळायला देता येत नाही, हे आबाकाकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण ते त्यांनी असं म्हटलं असतं तर ना! ते म्हणाले, "तुला तिकडे बसून काय जातंय?"

त्याच कथेत गंगाधरपंत आझाद मैदानावरच्या व्याख्यानात घुसतात, अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसली म्हणून जाऊन बसतात आणि बोलायला लागतात. त्या जगात ती खुर्ची रिकामीच ठेवायची असते. लोक त्यांच्यावर टोमॅटो, अंडी फेकतात. सतरा वर्षं झाली मला व्हिएन्नात. ग्रुपवर काही लिहायला घेतलं की हल्ली ही खुर्ची आठवते.

आता जे ग्रुपवर लिहिलेलं नाही ते. आबाकाकांची दुसरी हरकत होती, "पोरं तेच खरं धरून चालतील." यावर मी हसणारी बाहुली पाठवली होती. मधल्या काळात लेकाला गंगाधरपंतांची गोष्ट झोपताना सांगितली, चांगली रंगवून. रविवारी फोनवर तो आबांना म्हणाला, "आबाआजोबा, पानिपतला मराठे जिंकले ना!" पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली, नंतर आबांनी फोन काकूकडे दिला.

पुढच्या शनिवारी त्याला इथल्या आर्सेनल भागातल्या लष्करी संग्रहालयात नेलं. अलेकच्या बाबांची गाडी बघायची होती. गोळ्या झाडल्या ती उघडी मोटार तिथे आहे, आर्चड्यूकचा निळा अंगरखाही आहे, डागांसकट. बराच वेळ तो गाडीच्या चाकांकडेच बघत होता. तिथेच मी त्याला खरं काय ते सांगितलं. विश्वासरावांना गोळी लागली. मराठे हरले.

"ओके," तो म्हणाला. "ते तिकडे हरले." मग गाडीकडे बोट करून, "आणि इथे आपण हरलो."

मी त्याची चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं. 'ते' दुरुस्त करायचं की 'आपण', ते ठरेना, म्हणून त्याचा कोट घ्यायला क्लोकरूमकडे गेले.