एकच हार्ड डिस्क पुरेल का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बॅकअपसाठी क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर फायली साठवणं, सुचवणं म्हणजे घरचे फोटो परक्या कंपनीच्या हवाली करायचे आणि वर जन्मभर भाडंही भरायचं. त्यापेक्षा एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क कॉम्प्युटरला कायम लावून ठेवली की झालं.

भाड्याचं म्हणाल तर अगदी मान्य. फोटो फुकट, हवे तितके ठेवायची सोय गूगलने १ जून २०२१ला बंद केली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर तर पाचच. खातं बंद पडण्याची भीतीही खोटी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाची बातमी २०२२मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापली होती. त्याने आजारी मुलाचा फोटो डॉक्टरला दाखवायला काढला, तो आपोआप क्लाउडवर चढला, आणि गूगलने भलताच अर्थ लावून त्याचं खातंच बंद केलं. पोलिसांना त्यात काही गुन्हा दिसला नाही, तरी खातं परत मिळालं नाही. त्यामुळे सगळी भिस्त क्लाउडवर टाका, असं मी कोणालाच सांगणार नाही.

माझं अडतं ते तुमच्या ‘कायम लावून ठेवली’वर. मे २०१७मध्ये वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला, आठवतं? असलं रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, सी ड्राइव्हवर थांबत नाही. कॉम्प्युटरला जी जी डिस्क दिसते, तिच्यावरच्या फायलींनाही ते कुलूप लावत सुटतं. म्हणजे बॅकअप मूळ फायलींबरोबरच गेला. बॅकअप झाला की ‘इजेक्ट’ करा, केबल काढा, डिस्क कपाटात ठेवा. लॅपटॉप उचलणारा चोर शेजारची डिस्क सोडून जाईल, अशी आशा कशाला ठेवायची?

आणि कपाटही शेवटी त्याच घरात. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं टेबल काय आणि कपाट काय, सगळं एकाच पाण्यात. त्याच वर्षी १० मार्चला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, अशा काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. बिनचूक यंत्रणा कोणाचीच नसते. दुसरी प्रत दुसऱ्या गावात आहे का, एवढंच मी बघतो. क्लाउड हा त्यासाठीचा आळशी माणसाचा मार्ग, आणि बॅकअपच्या बाबतीत बहुतेक लोक आळशीच असतात.

तुम्हाला क्लाउड नकोच असेल तर दुसरी डिस्क घ्या, व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने पासवर्ड लावून कुलूपबंद करा आणि परगावच्या बहिणीकडे ठेवा. गणपतीला आणि मे महिन्यात जाणं होतंच, तेव्हा अदलाबदल करायची. पासवर्ड मात्र डिस्कच्या डब्यात लिहून ठेवू नका.

मी स्वतः दोन्ही वापरतो. व्हिडिओंसारखा अवजड माल डिस्कवर. ५०० जीबी २० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायचे तर पंचावन्न तास लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. क्लाउडवर घराची कागदपत्रं, हिशेब, निवडक फोटो, एवढंच. ते काही जीबींत मावतं, आणि चढवण्याआधी क्रिप्टोमेटर या फायली कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलं की कंपनीला आत काय आहे ते वाचता येत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, की ड्राइव्हवर फोल्डर सिंक होतं तोच बॅकअप नाही का? नाही. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस पडून असतं, पण चुकून उडालेलं फोल्डर महिन्याभरात लक्षात येतंच असं नाही.

आणि एक, हे मराठीत टायपिंग करणाऱ्यांसाठी. बॅकअपमधली एखादी जुनी फाइल अधूनमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर सुखरूप परत येतो, पण फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा. तेव्हा डिस्कवर फॉन्टचंही एक फोल्डर ठेवा.